दोन क्रेडिटसाठी गावात जाताना

सकाळी साडेदहाला कॉलेजची बस गावात पोचली की गाव भेटत नाही. पारावर दोन म्हातारे, ओसरीवर तुरीचे खडे निवडत बसलेली एखादी आजी, अंगणवाडीतली पोरं आणि कुत्री, एवढेच भेटतात. बाकी सगळं गाव वावरात असतं. ऑगस्टात निंदणाला, ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला, दिवाळीनंतर कापूस वेचायला. विद्यार्थी प्रश्नावली घेऊन दारं वाजवतात, आजीला जे आठवेल ते ती सांगते, ग्रामपंचायतीच्या पाटीसमोर एक फोटो निघतो आणि चार वाजता बस परत. अहवालात ओळ पडते : 'कुटुंबांचे सर्वेक्षण यशस्वीरीत्या पूर्ण.'

अशा बसमध्ये मी स्वतः पुष्कळदा बसलो आहे, म्हणून हे लिहितो आहे. एका गावात एका आजीनं माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, "मागल्या सालीबी पोट्ट्या आल्त्या. हेच इचारून गेल्या. तुमच्या कॉलेजात कागद हरपते का बाप्पा?" पोरगी हसली. मला हसता आलं नाही. मागल्या सालचे कागद माझ्याच कपाटात होते.

आता अशा बसची संख्या वाढणार आहे. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांचा नवा आराखडा ठरला. त्यात इंटर्नशिप आणि क्षेत्रप्रकल्पाच्या जोडीला 'कम्युनिटी एंगेजमेंट' आलं. कॉलेजात त्याला सगळे सीईपी म्हणतात. साधारणपणे पदवीच्या दुसऱ्या वर्षी दोन क्रेडिट. अशा कामाच्या एका क्रेडिटला किमान ३० तास, म्हणजे एकूण साठ. वैद्यकीय विद्यार्थ्यांना २०२२ पासून पहिल्या वर्षापासूनच 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम लागू झाला आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहेच, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. २०१४ पासून उन्नत भारत अभियान आहे, त्यात सहभागी संस्थेनं किमान पाच गावं घ्यायची असतात. एवढे रस्ते, आणि सगळे जातात गावातच.

वर्धा जिल्ह्यात तालुके आठ आहेत, पण संस्थांची दाटी वर्धा, सेवाग्राम आणि सावंगीच्या टापूत. दोन वैद्यकीय महाविद्यालयं, अभियांत्रिकीची, समाजकार्याची, शिवाय हिंदी विश्वविद्यालय. त्यामुळं शहरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या गावांना सर्व्हेवाल्यांचा आता कंटाळा आला आहे, आणि आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या कित्येक गावांत कोणी फिरकत नाही. तेव्हा गाव निवडताना पहिली चौकशी ही करा की इथं गेल्या तीन वर्षांत कोण कोण येऊन गेलं. ग्रामपंचायतीत विचारलं की कळतं. आशाताईंना विचारलं की जास्त खरं कळतं. दुसरी चौकशी एसटीची. विद्यार्थ्यांना स्वतःच्या पैशानं, कॉलेजच्या बसशिवाय ज्या गावात जाता येतं, तेच गाव निवडा. बस मिळाली नाही म्हणून भेट रद्द, असं एकदा झालं की पुढच्या भेटींचं काही खरं नाही.

आणि 'दत्तक' हा शब्द शक्य तिथं टाळा. शासकीय कागदावर असेल तर असो. ज्या गावाचं नाव महसुली कागदांवर पिढ्यानपिढ्या आहे त्याला एकोणीस वर्षांच्या पोरानं दत्तक घेणं जरा विनोदीच आहे.

सेवाग्रामचा धडा

सेवेतून शिकणं ही कल्पना आपल्याकडं बाहेरून आली, असं समजायचं कारण नाही. शाळेत हातानं केलेलं उपयोगी काम हाच शिक्षणाचा गाभा असावा, हा विचार ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही तो वारसा चालवते. पण महाविद्यालयाला उपयोगी पडेल असा नमुना हवा असेल तर शेजारच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेकडं पाहावं. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी ती सुरू केली. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमातल्या शिबिरात जातात : प्रार्थना, सूतकताई, श्रमदान. मग पहिल्याच वर्षी अख्खी बॅच एका गावात पंधरा दिवस मुक्कामी राहते. प्रत्येक विद्यार्थ्याकडं मोजकी कुटुंबं येतात, आणि शिबिर संपल्यावरही पुढची वर्षं त्याच कुटुंबांकडं त्यांच्या फेऱ्या चालू राहतात.

यातली 'मोजकी कुटुंबं' आणि 'त्याच घरी पुन्हा' ही दोन कलमं उचला. मुक्काम सगळ्यांना जमणार नाही, तिथल्यासारखी खादीची सक्ती तुम्ही करणार नाही. पण दोनशे घरांना एकदा भेटण्याऐवजी चार घरांना दहादा भेटणं कुठल्याही कॉलेजला जमतं. पहिल्या भेटीत 'सगळं ठीक हाय' म्हणणारी बाई पाचव्या भेटीत अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याबद्दल बोलते. पहिल्या भेटीत कर्ज नाही म्हणणारा कास्तकार चौथ्यांदा सावकाराचं नाव घेतो, तेही सोबतच्या सरांना जरा बाजूला जाऊ दिल्यावर. ही माणसं पहिल्यांदा खोटं बोललेली नसतात. अनोळखी माणसाला जेवढं सांगायचं तेवढंच त्यांनी सांगितलेलं असतं.

सेवाग्रामचाच आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांसाठी ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना उभी केली. सुगीत घराघरातून ज्वारी गोळा व्हायची. ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त द्यायची, आणि त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयातल्या उपचारांचा आधार. पैशाच्या हिशेबात ती ज्वारी फार नसेल. पण ज्यानं पायली ओतली तो दवाखान्यात उभा राहून 'माझ्या पेशंटकडं कोणी का पाहिलं नाही' असं विचारू शकतो. तुमच्या प्रकल्पात गावानं काय ओतलं आहे? काहीच नसेल, तर तक्रार करायची सोयही तुम्ही गावाला ठेवलेली नाही.

आधी परवानगी, तीही नकार देण्याच्या मुभेसह

एप्रिल १९३६ ची गोष्ट आहे. गांधीजींना शेगावात राहायला जायचं होतं. (हेच पुढं सेवाग्राम झालं; बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडं जायचं, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं.) गावाची मालगुजारी बरीचशी जमनालाल बजाजांकडं, त्यामुळं गांधीजींना कोणाला विचारायची गरज नव्हती. तरी ते गेले, गावकऱ्यांना एकत्र बसवलं, आपण कशासाठी येऊ पाहतो ते सांगितलं आणि त्यांचं म्हणणं विचारलं. गावचे वृद्ध पाटील उठले आणि म्हणाले ते थोडक्यात असं : तुम्ही आलात तर आनंदच आहे, पण तुमच्या अस्पृश्यता निवारणाच्या कामात माझी साथ मिळणार नाही. गांधीजींच्या सहकारी मीराबेननी ही सभा आपल्या आठवणींत नोंदवली आहे आणि पाटलांच्या प्रामाणिकपणाचं त्यांना कौतुक वाटलेलं दिसतं.

या सभेतून घेण्यासारखं बरंच आहे. पहिलं म्हणजे विचारणं. दुसरं म्हणजे समोरच्याला अर्धवट हो म्हणता येईल, असं विचारणं. आपली परवानगीपत्रं बहुतेक अशी असतात : कॉलेजच्या लेटरहेडवर, 'सहकार्य करावे ही विनंती', खाली सरपंचाच्या सहीला जागा. त्यावर नाही म्हणायला कुठं जागाच नसते. त्याऐवजी साध्या मराठीत एक पान लिहा. किती विद्यार्थी, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वारी, किती वाजता. काय विचारणार आणि काय विचारणार नाही. गोळा केलेली माहिती कुठं राहील. गावाला काय मिळेल आणि काय मिळणार नाही. शेवटचं कलम ठळक लिहा. विद्यार्थी आले की रस्ता होईल, घरकुल मंजूर होईल, अशी आशा लोक धरतात, आणि आपण ती न बोलता धरू देतो. 'आमच्याकडून योजना, निधी किंवा नोकरी मिळणार नाही' हे वाक्य पहिल्याच सभेत मोठ्यानं वाचून दाखवा. निम्मे लोक उठून जातील. उरलेल्या निम्म्यांबरोबर काम करा.

तिसरी गोष्ट मात्र त्या सभेकडं जरा तिरकं पाहिल्यावर दिसते. पाटील बोलले ते प्रामाणिक होतं, पण ते गावाचं मत नव्हतं. शेगावात दलितांची वस्ती मोठी होती. ज्यांना विहिरीवर येऊ देत नव्हते त्यांना विचारलं असतं तर उत्तर नक्कीच दुसरं आलं असतं. म्हणून सरपंचाची सही हाती आली म्हणजे गावाची परवानगी मिळाली, असं धरू नका. गावाच्या खालच्या अंगाला असलेली वस्ती, शेतमजुरांची घरं, आर्वीकडं कोलामांचा पोड असेल तर तो, बचत गटाची मासिक बैठक, इतक्या ठिकाणी तेच पान पुन्हा वाचा. सरपंच महिला असेल तर सही करून घ्यायला तिच्या नवऱ्याकडं जाऊ नका. हे सांगावं लागतं, कारण मी पाहिलं आहे.

साठ तास कसे मोजायचे

साठ तास सात-आठ दिवसांत 'उरकून' टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि वेळापत्रक बसवणाऱ्याला तर फारच. तसं करू नका. माझा हिशेब असा : तयारीला आठ तास, गावात चाळीस, आणि गावाचं गावाला परत देण्यासाठी बारा. गावातले चाळीस म्हणजे चार-चार तासांच्या दहा भेटी, साधारण आठवड्याला एक. प्रवासाचा वेळ यात धरू नये. पोरं कुरकुरतील, धरावा की नाही यावर वाद होईल, पण बसमधल्या अंताक्षरीला क्रेडिट कसं द्यायचं ते मला तरी अजून कळलेलं नाही.

भेटीची वेळ गावाच्या घड्याळानं ठरवा. पावसाळी सत्रात मजुरीला जाणाऱ्या बायका सकाळी लवकर निघतात आणि दिवेलागणीला परततात. मग संध्याकाळचीच वेळ खरी. मुलींच्या परतीची सोय आधी लावा, नाहीतर बुडीत मजुरीचा दिवस म्हणजे बाजाराचा दिवस धरा. उन्हाळी सत्रात तूर निघालेली असते, कापसाचा शेवटचा वेचा संपत आलेला असतो, लोकांना सवड असते. पण एप्रिलचं ऊन वर्ध्यात कोणाची गय करत नाही. सकाळी साडेसहाला पोचा आणि साडेदहाला निघा. पोळा, तान्हा पोळा, लग्नसराई, गावची जत्रा या दिवशी प्रश्नावली बाहेर काढू नका. नुसतं जा, बसा, बैल पाहा. त्या दिवसाचेही तास मांडा. मी तर मांडतो.

तयारीच्या आठ तासांत एक काम जरूर करा : जी माहिती आधीच आहे ती पुन्हा विचारायची नाही. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, अंगणवाडीच्या नोंदवह्या, आशाताईंची कुटुंबयादी, तलाठ्याकडचा पीकपेरा, हे सगळं परवानगी घेऊन पाहता येतं. घरात माणसं किती, शौचालय आहे का, चूल की गॅस, हे प्रश्न गावानं इतक्यांदा ऐकले आहेत की काही घरांत पोरं ते तोंडपाठ म्हणतात. दारूचा प्रश्न तर वगळाच. १९७० च्या दशकापासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात, सासऱ्यासमोर, अनोळखी विद्यार्थ्याला 'घरात कोणी दारू पितं का' याचं उत्तर काय मिळणार? तक्त्यात 'नाही : शंभर टक्के' असं येतं आणि वर्गात तसंच सादर होतं.

विषय लहान घ्या

गावाला काय हवं ते आपल्याला कळतं, हा समज भल्याभल्यांना भोवला आहे. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना गांधीजी आणि त्यांचे सहकारी सकाळी बादल्या-झाडू घेऊन जवळच्या सिंदी गावात जात आणि रस्त्यावरची घाण उचलत. दिवसामागून दिवस उचलली, तरी गावाची सवय फारशी हलली नाही. शेवटी मीराबेन तिथं राहायलाच गेल्या. गांधीजींना जे झाडू घेऊन जमलं नाही ते आपल्याला 'स्वच्छता रॅली' काढून जमेल, असं मानणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या आत्मविश्वासाला मी मनापासून नमस्कार करतो.

म्हणून विषय पहिल्या दोन भेटींत ठरवू नका. तिसऱ्या भेटीत गावाबरोबर बसून ठरवा. तो साठ तासांत मावेल इतका लहान हवा, तुमच्या शाखेच्या अभ्यासाशी जोडलेला हवा, आणि कोणाच्या तरी उपयोगाचा हवा. एक उदाहरण सविस्तर देतो, म्हणजे लहान म्हणजे किती लहान ते कळेल.

सोयाबीनचं घरचं बियाणं. दरवर्षी बियाण्याच्या पिशवीला मोठा पैसा जातो, म्हणून बरेच कास्तकार घरचं सोयाबीन राखून ठेवतात. ते उगवेल की नाही हे पेरणीआधी तपासायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक पोत्यातून थोडे थोडे काढून शंभर दाणे मोजायचे. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. पाच ते सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या दरानं, एकरी तीस किलोच्या हिशेबानं पेरता येतं. सत्तरच्या खाली गेले तर बियाणं वाढवावं लागतं, आणि फारच कमी उगवले तर ते विकून टाकलेलं बरं. यात वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला उगवणशक्ती कळते, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला नमुना कसा घ्यायचा ते कळतं : एकाच पोत्याच्या वरच्या थरातले दाणे घेतले तर काय होतं, हे त्याला पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर समजतं. आणि शेतकऱ्याच्या हाती पेरणीच्या महिनाभर आधी एक आकडा येतो. कृषी सहायकांना सोबत घ्या. हे काम त्यांच्या मोहिमेतही असतं, दुहेरी कशाला करायचं? गुंडाळी मात्र शेतकऱ्याच्या घरीच ठेवा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नको. स्वतःच्या ओसरीवर उगवलेल्या दाण्यावर माणसाचा विश्वास बसतो.

बाकी शाखांचं थोडक्यात. पावसाळी सत्रातला क्षेत्रप्रकल्प असेल तर ई-पीक पाहणी हा हातचा विषय आहे. मोबाइलवर पीक नोंदवताना म्हाताऱ्या कास्तकारांची तारांबळ उडते. पण त्यांच्यासाठी नोंद करून देऊन निघून येऊ नका. घरातल्या शाळकरी नातीला शिकवा, ती पुढच्या वर्षीही घरातच असेल. पाण्याचा विषय घेतलात तर गावात जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासणीचं प्रशिक्षण घेतलेल्या महिला शोधा आणि त्यांच्या हाताखाली काम करा. विहिरींची पाण्याची पातळी दोरीनं मोजून पंचायतीच्या भिंतीवर लिहिणं भूगोलाच्या विद्यार्थ्यांना सहज जमतं. वाणिज्यवाल्यांनी बचत गटाला हिशेब 'शिकवायला' जाण्याआधी त्यांची वही बघावी, कदाचित शिकणारे वेगळेच निघतील. मराठीच्या विद्यार्थ्यांना वावरातल्या शब्दांचा कोश करता येईल : पऱ्हाटी, डवरणी, सरकी, धुरा, ढोला. आष्टी परिसरात असाल तर १६ ऑगस्ट १९४२ च्या, चले जाव चळवळीतल्या उठावाच्या आठवणी ज्या घरांत आजही सांगितल्या जातात तिथं इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जावं.

एक विषय मात्र कटाक्षानं सोडा : शेतकरी आत्महत्या. विदर्भातल्या महाविद्यालयांना या विषयाची ओढ आहे, आणि कळवळाही खोटा नसतो. पण पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरानं एखाद्या विधवेसमोर वही उघडून बसायचं, तिला तो दिवस पुन्हा सांगायला लावायचं आणि पुढच्या आठवड्यात परीक्षा म्हणून यायचं नाही, हे करू नये. प्रशिक्षित माणूस सोबत नसताना तर नाहीच.

गावात वागताना

वडीलधाऱ्यांना काकाजी, मावशी, आजी म्हणा, अंकल-आंटी नको. चहा मिळाला तर घ्या, एका घरी पंधरा जणांनी मिळून घेऊ नका. पाणी कोणाच्याही घरचं प्या, आणि कोणाच्या घरचं पिणं आपण टाळतो आहोत का, हे वहीत लिहा. जातीचा सगळ्यात प्रामाणिक सर्व्हे तोच असतो. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, लहान मुलांचे तर आईबापांना विचारल्याशिवाय नकोच. आधार क्रमांक आणि बँकेची माहिती लिहून घेण्याचं तुमच्या प्रकल्पाला काही कारण नाही. आजारपण किंवा कर्ज विचारत असाल तर कागदावर नावाऐवजी क्रमांक टाका आणि नावांची यादी वेगळी, शिक्षकांच्या कुलुपात ठेवा. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर भरलेल्या प्रश्नावलीचे फोटो फिरतात. ते पहिल्या दिवसापासून बंद.

रोजची वही हा या अभ्यासक्रमाचा खरा पेपर आहे. 'आज खूप शिकायला मिळाले' हे वाक्य लिहिणाऱ्याला वही परत द्या. तीन गोष्टी मागा : आज काय ऐकलं, त्यातलं काय अपेक्षेबाहेरचं होतं, आणि पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या धड्याशी ते जुळत नाही. गुण देताना तासांच्या सह्या आणि फोटो यांना अगदी थोडं वजन ठेवा. वहीला जास्त द्या, आणि गावाला परत दिलेल्या पानाला तितकंच. गावकऱ्यांकडून विद्यार्थ्यांचे गुण मात्र भरून घेऊ नका. मी एकदा ते केलं. सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. 'लेकरं नापास कायले करायची?' असं एका मावशीनं मलाच विचारलं. त्यापेक्षा शेवटी एक बैठक घ्या, शिक्षक बाहेर थांबा, आणि पुढच्या बॅचनं काय करू नये एवढंच गावाला विचारा.

कागद हरपतात का विचारणाऱ्या त्या आजीची कुरकुर अमेरिकेतही आहे. तिथं १९७९ मध्ये रॉबर्ट सिगमन यांनी या प्रकारच्या शिक्षणाची तीन तत्त्वं मांडली, त्यातलं पहिलंच असं की ज्यांची सेवा होते आहे त्यांच्या हाती तिचा लगाम हवा. तीस वर्षांनी रँडी स्टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅडिसन शहरातल्या छोट्या सामाजिक संस्थांना विचारून 'द अनहर्ड व्हॉइसेस' हे पुस्तक काढलं, तेव्हा संस्थांची मुख्य तक्रार निघाली ती सत्रापुरत्या येणाऱ्या विद्यार्थ्यांची : शिकवून तयार करावं तोवर सत्र संपतं. आपल्या आजीचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं.

सरपंचांसाठी चार ओळी

तुमच्याकडं कॉलेजचं पत्र आलं तर हो म्हणण्याआधी इतकं विचारा. किती वर्षं येणार? एका वर्षासाठी येणाऱ्यांना चहा पाजा आणि सोडा. किमान तीन वर्षं त्याच गावात बॅचमागून बॅच पाठवणाऱ्यांशी बोलणं करा. आधीच्या गावात काय दिलं, ते पान दाखवा म्हणावं. सरांची बदली झाली तर पुढचा माणूस कोण? आणि गावातली बारावी झालेली दोन-चार मुलं-मुली प्रत्येक गटासोबत घेणार का? ही शेवटची अट मान्य झाली तर कॉलेज गेलं तरी शिकलेलं माणूस गावात राहतं. कॉलेजवाले नाराज होतील म्हणून घाबरू नका. क्रेडिट त्यांना हवी आहेत.

परत देणं

राखून ठेवलेले बारा तास इथं वापरायचे. उन्हाळी सत्र संपता संपता १ मे येतो, आणि त्या दिवशी ग्रामसभा असते. पावसाळी सत्रवाल्यांना २६ जानेवारी आहे. त्या सभेत दहा मिनिटं आधीच मागून ठेवा. पॉवरपॉइंट नको. एक पान, मोठ्या अक्षरात, मराठीत. विद्यार्थ्यानंच वाचायचं, शिक्षकानं नाही. एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक शाळेत, एक बचत गटाकडं. काही चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करा.

त्या आजीच्या गावात मी कपाटातले कागद घेऊन दुसऱ्या वर्षी गेलो. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर वीस-पंचवीस माणसं जमली. विद्यार्थिनीनं घराघराची माणसं, विहिरी, ढोरं असं वाचायला घेतलं. आजीच्या घराशी आली तेव्हा आजीनं हात वर केला. "सात नाही माय, पाच. दोघं पोट्टे पुण्याले गेले कंपनीत." विद्यार्थिनीनं पेन काढलं, सातावर काट मारली, पाच लिहिलं आणि विचारलं, "कधी गेले आजी?" मग आजी तिच्याशी बराच वेळ बोलत बसली, आणि बाकीची घरं वाचायची राहूनच गेली.